रेगोतल्या सेफ्टी लेव्हीचा हिशेब कसा मागायचा: न्यूझीलंडमधल्या मोटरसायकलवाल्यांसाठी

न्यूझीलंडमध्ये मोटरसायकलचा रेगो, म्हणजे वाहन लायसन्सची फी, भरताना रकमेचा मोठा वाटा एसीसीकडे, म्हणजे अपघात भरपाई देणाऱ्या सरकारी संस्थेकडे जातो. त्या वाट्यात एक छोटी रक्कम वेगळ्या नावाने घेतली जाते, मोटरसायकल सेफ्टी लेव्ही. कारवाल्यांना ती नाही, ती फक्त आपल्याला आहे. ती कुठे आणि कशी खर्चावी याचा सल्ला द्यायला मोटरसायकल सेफ्टी अ‍ॅडव्हायझरी कौन्सिल नेमलेली आहे. पैसे दरवर्षी न चुकता कापले जातात, तर हिशेबही दरवर्षी न चुकता मागितला गेला पाहिजे. तो कसा मागायचा, आलेले आकडे कसे वाचायचे आणि लोक नेमके कुठे फसतात, ते इथे सांगितले आहे.

थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कारण अर्जात आणि बैठकीत तो कामाला येतो. २००९ मध्ये एसीसीने मोटरसायकलची लेव्ही प्रचंड वाढवायचा प्रस्ताव आणला. ६०० सीसीच्या वरच्या गाड्यांना वर्षाला सुमारे २५० डॉलरऐवजी सुमारे ७४५ डॉलर पडणार होते. १७ नोव्हेंबर २००९ रोजी देशभरातून हजारो मोटरसायकली वेलिंग्टनला संसदेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. माओरी भाषेत मोर्चाला हिकोई म्हणतात, म्हणून या मोर्चाचे नाव पडले बायकोई. प्रस्तावित वाढ खाली आली, पण २०१० पासून ३० डॉलरची ही सेफ्टी लेव्ही सुरू झाली आणि २०११ मध्ये वर सांगितलेली कौन्सिल, म्हणजे परिषद, उभी राहिली. रक्कम फक्त मोटरसायकलवाल्यांच्या सुरक्षेसाठीच वापरायची, हा या लेव्हीचा पायाच आहे. आजचा दर मात्र ऐकीव आकड्यावरून धरू नका. मोटर व्हेइकल अकाउंट, म्हणजे एसीसीचे रस्त्यावरच्या वाहन अपघातांसाठीचे खाते, त्याच्या चालू लेव्ही नियमावलीत पाहा आणि तोच लिहा. जुना दर लिहिलेला अर्ज पहिल्याच ओळीत कमजोर पडतो.

पैसा कोणाच्या हातात आहे

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लोक परिषदेच्या सदस्यांना गाठतात, मेळाव्यात त्यांच्यावर तोंडसुख घेतात आणि हाती काही लागत नाही. परिषद सल्लागार आहे. लेव्ही वाहन लायसन्सबरोबर वाका कोताही, म्हणजे सरकारी परिवहन संस्था, गोळा करते, ती एसीसीकडे जमा होते, करार एसीसी करते, बिले एसीसी भरते. म्हणून खर्चाचा प्रश्न एसीसीला विचारायचा. परिषदेला विचारायचा तो शिफारशीचा प्रश्न: तुम्ही काय सुचवले, कोणत्या आधारावर, आणि एसीसीने त्यातले काय मानले नाही?

"परिषद वेगळी आहे, तिचे कागद आमच्याकडे नाहीत" असे उत्तर आले तर थांबू नका. ऑफिशियल इन्फर्मेशन अ‍ॅक्ट १९८२, ज्याला सगळे ओआयए म्हणतात, त्याच्या कलम २ नुसार एखाद्या संस्थेला सल्ला देण्यासाठी नेमलेल्या समितीजवळची माहिती त्या संस्थेजवळच आहे असे धरले जाते. स्वतंत्र कंत्राटदाराजवळ कंत्राटाच्या नात्याने असलेल्या माहितीलाही हेच लागू होते. प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीकडे हजेरीचे तक्ते असतील, तर ते एसीसीकडे मागता येतात.

अर्जाआधीचा गृहपाठ

आधी एक अंदाज स्वतः काढून ठेवा, म्हणजे येणारा आकडा तुम्हाला तोलता येईल. समजा दर जीएसटीसह ३० डॉलर आहे आणि वर्षभर लायसन्स असलेल्या गाड्या १,००,००० आहेत. एकूण ३० लाख डॉलर होतात. त्यातला १५ टक्के जीएसटी काढायचा म्हणजे ३० लाखांना १.१५ ने भागायचे, ३० लाखांचे १५ टक्के वजा करायचे नाहीत. उरतात २६,०८,६९६ डॉलर. ही गाड्यांची संख्या हिशेब दाखवण्यापुरती घेतली आहे. खरी संख्या वाका कोताहीच्या वाहन नोंदणीच्या आकडेवारीतून घ्या.

प्रत्यक्ष जमा या अंदाजापेक्षा कमी दिसली तर लगेच घोटाळा समजू नका. नोंदणी झालेली गाडी आणि चालू लायसन्स असलेली गाडी यांत फरक असतो. हिवाळ्यात कितीतरी जण रेगो होल्डवर टाकतात, म्हणजे तात्पुरता थांबवतात, कितीतरी जण तीनच महिन्यांचा घेतात. म्हणून विचारताना "नोंदणीकृत गाड्या किती" असे न विचारता "लेव्ही प्रत्यक्ष किती गाड्यांकडून आणि एकूण किती जमा झाली" असे विचारा. लेव्ही गाडीमागे आहे, माणसामागे नाही, हेही ध्यानात ठेवा. ज्याच्या गॅरेजमध्ये तीन चालू लायसन्सच्या गाड्या आहेत तो तीनदा भरतो, आणि एका वेळी चालवतो एकच. ही तक्रार रास्त आहे, पण ती दराबद्दलची आहे. खर्चाच्या अर्जात तिची सरमिसळ केली की दोन्ही मुद्दे पातळ होतात.

मग जे आधीच प्रसिद्ध झाले आहे ते वाचून काढा: एसीसीचा वार्षिक अहवाल, परिषदेने प्रसिद्ध केलेली इतिवृत्ते आणि धोरणाचे कागद, आणि गेट्स हे सरकारी निविदांचे संकेतस्थळ. सरकारी खरेदीच्या नियमांनुसार १ लाख डॉलर आणि त्याहून मोठ्या वस्तू-सेवांच्या कंत्राटांची जाहिरात साधारणपणे गेट्सवर खुली द्यावी लागते आणि कंत्राट कोणाला मिळाले तेही तिथे नोंदवावे लागते. हे वाचन टाळले तर तुमचा अर्ज कलम १८(ड) खाली, म्हणजे "माहिती आधीच जाहीर आहे" म्हणून परत येतो आणि महिना वाया जातो.

अर्ज

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज केलेल्यांना इथली पद्धत सोपी वाटेल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प नाही, १५० शब्दांची मर्यादा नाही, ठराविक नमुना नाही. साधा ईमेल चालतो. कायद्याचे नाव लिहिणे सक्तीचे नाही, पण लिहा, म्हणजे पत्र योग्य टेबलावर जाते. अर्जदार नागरिक असण्याचीही गरज नाही. कायम रहिवासी किंवा त्या वेळी न्यूझीलंडमध्ये असलेली कोणीही व्यक्ती अर्ज करू शकते, त्यामुळे वर्क व्हिसावर असलेल्याने संकोच करू नये. गावी सुट्टीवर असताना मात्र अशा माणसाने पाठवू नये, पात्रतेचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

पत्र इंग्रजीत जाईल, पण त्याचा सांगाडा असा असावा:

"ऑफिशियल इन्फर्मेशन अ‍ॅक्ट १९८२ अन्वये मोटरसायकल सेफ्टी लेव्हीबद्दल खालील माहिती द्यावी. कालावधी: मागील तीन आर्थिक वर्षे, प्रत्येकी १ जुलै ते ३० जून.
१. प्रत्येक वर्षाची आरंभीची शिल्लक, जमा झालेली लेव्ही जीएसटी वगळून, मिळालेले व्याज, एकूण खर्च आणि अखेरची शिल्लक.
२. खर्चाची विभागणी: प्रशिक्षण, प्रसिद्धी, रस्त्यांची कामे, संशोधन, कार्यक्रम, परिषदेचे मानधन व प्रवास, एसीसीचे कर्मचारी व प्रशासन.
३. ५०,००० डॉलरपेक्षा मोठ्या प्रत्येक कराराचे नाव, पुरवठादार, एकूण रक्कम, मुदत, आणि त्यातली किती रक्कम लेव्हीतून गेली.
४. याच कामांना लेव्हीशिवाय एसीसीच्या इतर निधीतून किती रक्कम दिली गेली.
५. वर्षअखेर कबूल केलेली पण न दिलेली रक्कम.
माहिती स्प्रेडशीटमध्ये द्यावी. एखादा मुद्दा देता येत नसेल तर बाकीचे न अडवता पाठवावेत. काही स्पष्ट नसेल तर कृपया लगेच विचारावे."

शेवटच्या तीन वाक्यांना मोल आहे. स्प्रेडशीट मागितली नाही तर आकडे स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये येतात आणि हाताने उतरवावे लागतात. कलम १६ नुसार तुम्ही मागाल त्या स्वरूपात माहिती देणे अपेक्षित आहे, काही मर्यादित कारणे सोडून. "बाकीचे अडवू नका" हे लिहिले नाही, तर एका अडलेल्या मुद्द्यासाठी पाचही मुद्दे ताटकळतात.

काय लिहू नये तेही सांगतो. "लेव्हीसंबंधी सर्व पत्रव्यवहार, सर्व ईमेल" असे मागितले की कलम १८(एफ) खाली, माहिती गोळा करण्याचा व्याप फार मोठा म्हणून, नकार येतो. "एवढा पैसा जाहिरातींवर का उधळला?" हा प्रश्न मत मागतो, आणि ओआयएखाली मिळते ती जवळ असलेली माहिती. तोच प्रश्न असा विचारा: "या जाहिरात मोहिमेला मंजुरी देताना एसीसीपुढे ठेवलेली टिपणी आणि अपेक्षित परिणामांचा अंदाज द्यावा." याला उत्तर द्यावेच लागते. असा कागदच नसेल, तर "असा कागद नाही" हे लेखी उत्तर तुमच्या हातात येते, आणि ते पुष्कळ बोलके असते.

दिवस मोजणे

निर्णय शक्य तितक्या लवकर, आणि जास्तीत जास्त २० कामकाजाच्या दिवसांत कळवायचा असतो. अर्ज पोहोचला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते. सोमवार, २ नोव्हेंबर २०२६ रोजी पोहोचलेल्या अर्जाचा विसावा दिवस सोमवार, ३० नोव्हेंबर. पण हाच अर्ज ७ डिसेंबरला गेला तर? २५ डिसेंबर ते १५ जानेवारी हे दिवस ओआयएच्या मोजणीत धरतच नाहीत, त्यामुळे विसावा दिवस थेट २६ जानेवारी २०२७ ला येतो. प्रांतिक सुट्ट्या मात्र मोजणीतून वगळत नाहीत. वेलिंग्टनला अ‍ॅनिव्हर्सरी डेची सुट्टी असली तरी तो दिवस धरला जातो.

मुदतवाढ घेता येते, पण ती पहिल्या २० दिवसांतच कारणासह कळवावी लागते. अर्ज दुसऱ्या खात्याकडे वळवायचा असेल तर ते १० कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवे. रस्त्याच्या कामाचा प्रश्न वाका कोताहीकडे वळवला जाणे स्वाभाविक आहे. रस्ता स्थानिक कौन्सिलचा असेल तर तिथे १९८७ चा वेगळा कायदा लागतो, एलजीओआयएमए, पण मुदत तीच.

एक बारीक सापळा आहे. तुम्ही मधेच फोन करून "अजून एवढे जोडा" म्हणालात, तर बदललेला अर्ज नवा समजून २० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजता येतात. संस्थेने स्वतःहून खुलासा मागितला असेल, तर तो तिने अर्ज मिळाल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत मागितला असेल तरच घड्याळ नव्याने सुरू होते. म्हणून नवा प्रश्न सुचला तर वेगळा अर्ज करा. खर्च आकारणीची भीती बाळगू नका. पहिला तास मोफत असतो, पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला ३८ डॉलर हा सरकारी मार्गदर्शनातला दर आहे. वर दिलेला पाच कलमी अर्ज त्या थराला सहसा जात नाही.

नकार आला तर

पत्रात कलम लिहिलेले असते, ते शोधा. कलम १८ खालचे नकार बहुतेक वेळा अर्ज नीट आखून सुटतात. कलम ९ खाली माहिती रोखली असेल, म्हणजे खासगीपणा, व्यापारी हित किंवा अधिकाऱ्यांचा मोकळा सल्ला यांच्या नावाने, तर ती रोखण्यापेक्षा देण्यात जनहित जास्त आहे का, याचा विचार त्यांना करावाच लागतो. तो केला का आणि काय ठरले, ते विचारा. व्यापारी हिताचे कारण आले तर ताशी दर सोडून द्या आणि करारांची फक्त एकूण रक्कम मागा. एकूण रक्कम झाकून ठेवणे संस्थेला जड जाते.

त्यानंतर ओम्बड्समन, म्हणजे सरकारी संस्थांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. तक्रार मोफत आहे, वकील लागत नाही. अर्ज, पोच, उत्तर आणि तुमचे म्हणणे एका पानात पाठवा. २० दिवस उलटूनही उत्तर नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो नकारच धरला जातो आणि त्यावरही तक्रार करता येते. चौकशीला वेळ लागतो, हे गृहीत धरून चाला.

आकडे आले, आता वाचायचे कसे

खरी मेहनत इथे आहे, आणि बहुतेक अर्ज इथेच वाया जातात. उत्तराचा ईमेल येतो, एक मोठा आकडा दिसतो, तो चार ठिकाणी फॉरवर्ड होतो, दोन दिवस आरडाओरडा होतो आणि विषय संपतो.

पहिले काम शिल्लक जुळवणे. आरंभीची शिल्लक, अधिक जमा, अधिक व्याज, वजा खर्च, बरोबर अखेरची शिल्लक. काल्पनिक आकडे घेऊ: १२ लाखांनी वर्ष सुरू झाले, व्याज धरून २६ लाख आले, २१ लाख गेले, म्हणजे अखेरीस १७ लाख हवेत. पुढच्या वर्षाची सुरुवात १५.५ लाखांनी दाखवली असेल, तर मधल्या दीड लाखाचे काय झाले हा तुमचा पुढचा अर्ज. बऱ्याचदा उत्तर सरळ असते: बिल जूनचे होते पण जुलैत दिले, किंवा मागच्या वर्षाचा आकडा सुधारला. पण विचारल्याशिवाय ते कळत नाही.

दुसरे, मोठी शिल्लक. ती पाहून "पैसे पडून आहेत" म्हणायच्या आधी पाचव्या मुद्द्याचे उत्तर पाहा. १७ लाखांपैकी १४ लाख करारांत बांधलेले असतील तर मोकळे तीनच आहेत. उलट, बांधलेले दोनच लाख असतील आणि शिल्लक तीन वर्षे वाढतच असेल, तर दर तरी कमी करा किंवा काम तरी वाढवा, हे ठामपणे म्हणायला तुमच्याकडे आधार आहे.

तिसरे, दुहेरी मोजणी. राइड फॉरएव्हर या प्रशिक्षणाचे उदाहरण घ्या. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. वर्षाला अमुक इतक्यांनी प्रशिक्षण घेतले असे म्हटले जाते, तेव्हा त्या जागा आहेत की माणसे? एकाच माणसाने तिन्ही केले तर जागा तीन, माणूस एक. "वेगवेगळे शिकाऊ किती, आणि त्यात पहिल्यांदाच येणारे किती" हे वेगळे मागा. पावसामुळे रद्द झालेल्या वर्गाचे पैसे प्रशिक्षकाला दिले जातात का, तेही विचारा. चौथ्या मुद्द्याचा उपयोगही इथेच होतो. प्रशिक्षणाचा खर्च लेव्ही आणि एसीसीचा इतर निधी यांतून मिळून होत असेल, तर यशाचे श्रेय लेव्हीच्या खात्यात टाकताना खर्चही पूर्ण धरायला हवा.

चौथे, प्रशासन. एसीसीच्या कर्मचाऱ्यांचे पगार लेव्हीतून जातात का, जात असतील तर किती जणांचे आणि कोणत्या सूत्राने वाटून, हे स्वच्छ मागा. परिषदेचे मानधन बहुतेक वेळा सगळ्यात छोटा आकडा असतो आणि लोक सगळ्यात जास्त त्यावरच भांडतात. त्यात वेळ घालवू नका.

पैशातून काय साधले

"मृत्यू कमी झाले" या वाक्यावर लगेच टाळ्या वाजवू नका आणि "मृत्यू वाढले" यावर लगेच दोषही देऊ नका. न्यूझीलंडमध्ये वर्षाला साधारण ५० च्या आसपास मोटरसायकलस्वारांचा मृत्यू होतो. एवढ्या छोट्या संख्येत निव्वळ योगायोगाने चढउतार होतात. ५० चे वर्गमूळ सुमारे ७, त्याच्या दुप्पट १४. म्हणजे रस्त्यावर काहीही बदल न होता एखाद्या वर्षी ३६ आणि एखाद्या वर्षी ६४ मृत्यू दिसू शकतात. त्या मागे एकेक घर आहे, म्हणूनच आकडा जपून वापरायचा. पाच-पाच वर्षांचे गट करून तुलना करा आणि गंभीर दुखापतीचे दावे मागा, त्यांची संख्या मोठी असते.

दाव्यांतही एक खोड आहे. मोटर व्हेइकल अकाउंट सार्वजनिक रस्त्यावरच्या अपघातांचे पैसे देते. शेतात किंवा मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर पडलेल्याचा दावा सहसा दुसऱ्या खात्यात जातो. दोन्ही एकत्र मिसळलेला आकडा आला तर रस्त्यावरच्या कामाचा परिणाम त्यातून कळणार नाही. प्रत्येक आकड्यापुढे "फक्त मोटर व्हेइकल अकाउंट" लिहून घ्या.

प्रशिक्षित लोकांचे अपघात कमी, असा दावा आला तर तुलना कोणाशी केली ते विचारा. स्वतःहून शनिवार देऊन शिकायला येणारा माणूस मुळातच जपून चालवणारा असू शकतो. वय, गाडीचा सीसी, वर्षाला चालवलेले किलोमीटर आणि आधीचे दावे सारखे असलेल्यांशी तुलना केली का, हा प्रश्न विचारला की मूल्यमापनाचा मूळ अहवाल मागणे आपोआप पुढे येते. तो मागाच. अपघात भरपाईच्या २००१ च्या कायद्यात कलम २६३ आहे. त्यानुसार दुखापती टाळण्याच्या उपायांवर एसीसीने खर्च करायचा तो लेव्हीत किफायतशीर घट होण्याची शक्यता दिसत असेल तर. त्या कसोटीवर हे काम कसे तपासले, ती टिपणी मागणे अगदी योग्य आहे.

रस्त्याच्या कामांबाबत ठिकाण धरून विचारा. कोरोमंडेलच्या दक्षिणेकडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर मोटरसायकल डोळ्यांपुढे ठेवून कामे झाली. अशा ठिकाणी कठड्याखाली बसवलेले अंडररन रेल किती मीटर, कोणत्या वळणांवर, त्यातला लेव्हीचा वाटा किती, देखभाल कोणाकडे, आणि आधीच्या व नंतरच्या पाच वर्षांत तिथे किती अपघात झाले? घसरलेला माणूस कठड्याच्या खांबावर आदळतो, तो खांब झाकण्यासाठी हा रेल असतो. तो वाकून तसाच राहिला असेल तर फोटो, तारीख आणि रस्त्याचा क्रमांक घेऊन ठेवा. कागदावरच्या मीटरपेक्षा तो फोटो बैठकीत जास्त काम करतो.

हे घेऊन कुठे जायचे

आधी परिषदेकडे. तुमचा तक्ता एका पानाचा करा, तीन प्रश्न लिहा, आणि बैठकीच्या आधी पुरेसा वेळ ठेवून पाठवा. चूक तुमची असेल तर ती इथेच कळते. सदस्यांत स्वतः गाडी चालवणारी माणसे असतात, त्यांना सोबत घेतले तर एसीसीवर आतून दबाव येतो. सदस्य कसे निवडतात, मुदत किती, हितसंबंधांची नोंदवही आहे का, हेही मागून ठेवा. प्रशिक्षण किंवा साहित्य विकणाऱ्याशी संबंध असलेला सदस्य चर्चेतून बाजूला झाला का, हे इतिवृत्तात दिसले पाहिजे.

एकट्याने लढू नका. ब्रॉन्झ ही बायकर्सच्या हक्कांची जुनी संघटना आहे, युलिसिस क्लब या मोटरसायकलवाल्यांच्या क्लबच्या शाखा गावोगावी आहेत. ऑकलंड-वेलिंग्टनमधल्या मराठी रायडिंग ग्रुपनेही आपला वेगळा अर्ज करण्यापेक्षा त्यांच्याशी बोलून प्रश्न वाटून घ्यावेत. तोच प्रश्न दहा जणांनी पाठवला तर उत्तर एकच येते आणि यंत्रणेची सहानुभूती जाते.

हिशेबात गंभीर विसंगती दिसली आणि एसीसीने खुलासा केला नाही, तर ऑडिटर-जनरलच्या कार्यालयाला लिहा. संसदेची समिती एसीसीचा वार्षिक आढावा घेते. तिच्या सदस्याला तुमचा तक्ता आणि एक नेमका प्रश्न दिलात तर तो प्रश्न अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारला जाऊ शकतो.

आणि लेव्हीचे दर ठरतात तेव्हा होणारी जनसुनावणी चुकवू नका. २०२५ ते २०२८ या काळाच्या दरांसाठी ती २०२४ मध्ये झाली. "लेव्ही बंद करा" एवढेच लिहिलेली शेकडो निवेदने एका ओळीत गुंडाळली जातात. "तीन वर्षांत जमा इतकी, खर्च इतका, न बांधलेली शिल्लक इतकी, म्हणून पुढची तीन वर्षे दर इतका पुरे" असे लिहिलेल्या निवेदनाला आकड्याने उत्तर द्यावे लागते. त्यासाठी तीन वर्षांची फाइल तयार हवी. एसीसीचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपते, तपासलेले हिशेब साधारण ऑक्टोबरअखेर तयार होतात. म्हणून दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तेच पाच मुद्दे, त्याच क्रमाने, फक्त वर्ष बदलून पाठवा. मुद्द्यांची भाषा बदलू नका, नाहीतर या वर्षाचा "प्रसिद्धी" आणि गेल्या वर्षाचा "जनजागृती" यांची बेरीज कधीच जुळणार नाही.